थंडीत मोटरहोम उबदार ठेवण्याचा पूर्ण हिशोब

कडाक्याच्या थंडीत गाडीत मुक्काम करायचा ठरला की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, हीटर कुठला घेऊ? माझ्या लेखी हा तिसरा प्रश्न आहे. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या: ऊब जाते कुठून, आणि रात्रभर पुरेल एवढी बॅटरी आहे का. मध्यरात्री गाडी गार पडते तेव्हा बहुतेक वेळा हीटरही लहान नसतो आणि गॅसही संपलेला नसतो. बॅटरी उतरलेली असते. हे आधीच ध्यानात घेतलं तर पुढची बरीच खरेदी वाचते.

खाली जे लिहिलं आहे ते कॅम्परव्हॅन (राहण्याजोगी केलेली व्हॅन), मोटरहोम (चाकांवरचं घर) आणि ओढून न्यायची कॅराव्हॅन या तिन्हींना लागू आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी कागदावर हिशोब

एक मध्यम कॅम्परव्हॅन घ्या. राहण्याच्या भागाच्या भिंती, छत आणि तळ मिळून साधारण ३० चौरस मीटर, आतून २५ मिलिमीटर जाडीचा चांगला फोम लावलेला. काचा ३ चौरस मीटर, एकेरी. बाहेर उणे ७ अंश सेल्सिअस, आत १८. म्हणजे फरक २५ अंशांचा.

असा फोम लावलेल्या भिंतीच्या दर चौरस मीटरमधून, तापमानाच्या दर अंश फरकामागे, साधारण १.१ वॅट ऊब बाहेर जाते. ३० गुणिले १.१ गुणिले २५, म्हणजे सव्वाआठशे वॅट. एकेरी काचेसाठी हाच आकडा ५.७च्या आसपास आहे. ३ गुणिले ५.७ गुणिले २५, म्हणजे सव्वाचारशेच्या किंचित वर. भिंतीच्या एक दशांश असलेली काच भिंतीच्या निम्मी ऊब एकटी घालवते. उरला हवाबदल. आतली १२ घनमीटर हवा तासाला दोनदा बदलली तर आणखी २०० वॅट.

बेरीज दीड किलोवॅटच्या जवळपास येते. पत्र्याच्या गाडीत लोखंडी बरगड्या फोमला बगल देऊन ऊब थेट बाहेर नेतात, त्यासाठी पाव हिस्सा वाढवून धरा. तरीही अशा गाडीला २ किलोवॅटचा हीटर पुरतो. बाहेर उणे २० असेल तर फरक ३८ अंशांचा होतो आणि गरज पावणेतीन किलोवॅटच्या घरात जाते. बाजूला सरकून बाहेर येणारी खोली असलेल्या सात-आठ मीटरच्या कॅराव्हॅनचं गणित निराळं. त्यांत ९ ते १२ किलोवॅटची फर्नेस, म्हणजे गॅसवर चालणारा मोठा हीटर, बसवलेली असते आणि ती उगाच नसते.

आपल्या गाडीची मापं घेऊन हा हिशोब एकदा करा. टेप, कागद आणि पंधरा मिनिटं लागतात. ‘मोठाच घेऊन टाकू’ म्हणून घेतलेला डिझेल हीटर सतत मंद आचेवर चालतो आणि काजळीनं भरतो, त्याबद्दल पुढे येईलच.

ऊब अडवणं

काचांपासून सुरुवात करा, कारण हिशोबानं तेच सांगितलं. प्रत्येक खिडकीच्या मापाचा फोमचा तुकडा कापून घट्ट बसवला, तर वरच्या उदाहरणातली काचेची गळती सव्वाचारशेवरून शंभर वॅटच्या खाली येते. चकचकीत बबल-फॉइल मिळतं तेही चालेल, पण एकट्या फॉइलनं फार मोठा फरक पडत नाही. काम करते ती आतली अडकलेली हवा. कडा सैल राहिल्या तर मागे गार हवा खेळत राहते आणि सगळं मुसळ केरात.

पुढच्या मोठ्या काचेला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून जाड आच्छादन घालणं मला जास्त पटतं. आतलं आच्छादन काचेला आणखी गार करतं, मग खोलीतली दमट हवा कडेनं शिरून काचेवर पाणी धरतं. बाहेरचं आच्छादन काचेलाच उबदार बाजूला घेतं. सकाळी बर्फ खरवडायचं कामही वाचतं. चालकाची केबिन राहण्याच्या भागापासून वेगळी करता येत असेल तर जाड पडद्यानं करा. केबिनचे दरवाजे, पेडलांच्या भोकातून येणारा वारा, डॅशबोर्डमागचे रस्ते, हे सगळं बंद करणं जवळजवळ अशक्य असतं.

फटी शोधायला उदबत्ती पुरते. वाऱ्याच्या दिवशी सगळं बंद करून ती दाराच्या रबराजवळून, खिडक्यांच्या कडेनं, सिंकखालच्या पाइपांच्या भोकांजवळून, बाहेरच्या सामानकप्प्यांच्या दारांजवळून हळू फिरवा. धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. मात्र गॅसचा वास येत असेल तर आधी सिलिंडर बंद, उदबत्ती नाहीच. सरकत्या खोलीच्या खालच्या कडेला ही फट हमखास सापडते; तिथलं रबर दुमडलेलं असतं.

एक इशारा. फटी बुजवायच्या, पण कंपनीनं मुद्दाम ठेवलेल्या हवेच्या जाळ्या बुजवायच्या नाहीत. गॅसची शेगडी आणि गॅसचा फ्रीज असलेल्या गाड्यांत जमिनीलगतच्या जाळ्या गळलेला गॅस बाहेर जावा म्हणून असतात. तिथून वारा येतो म्हणून चिंध्या कोंबणारे लोक असतात.

एकाच जागी आठवडे राहायचं असेल तर कॅराव्हॅनच्या खाली चारी बाजूंनी फोमच्या पाट्यांची झालर लावा. वारा तळाखालून वाहायचा थांबतो आणि पाण्याच्या टाक्या गोठण्यापासून वाचतात. झालरीनं फर्नेसचा किंवा हीटरचा धूर अडता कामा नये.

गाडी कुठे उभी करता यालाही महत्त्व आहे. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून ओघळून दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे ओढ्याकाठची रम्य सपाट जागा पहाटे सगळ्यात गार असते, चढावर थोडं वर उभं राहणं बरं. गाडीचं नाक वाऱ्याकडे ठेवा आणि सकाळचं ऊन मोठ्या खिडकीवर येईल असं पाहा.

कुठला हीटर

*प्रोपेनची फर्नेस.* मोठ्या गाड्यांत बसवलेलीच असते. जळायला लागणारी हवा बाहेरून घेते, धूर बाहेर सोडते, आणि एका पत्र्याच्या पेटीभोवती खोलीतली हवा फिरवून ती गरम करते. ज्वाळा आणि तुमचा श्वास यांच्यामध्ये पत्रा असतो, म्हणून ती सुरक्षित. तोटे दोन: पंखा वीज खातो, आणि सुमारे पाव ऊब धुरावाटे जाते.

*डिझेल हीटर.* कॅम्परव्हॅनसाठी माझी पसंती याला. तत्त्व तेच, बंद पेटीत जळण आणि धूर बाहेर. दीड किलोवॅट ऊब द्यायला तासाला पाव लिटरहून कमी डिझेल लागतं. सुरू होताना ग्लो प्लग (डिझेल पेटवायला तापणारा भाग) काही मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो, नंतर १ ते २ अँपिअरवर चालतो. नियम असे: सतत मंद ठेवू नका, रोज थोडा वेळ पूर्ण आचेवर चालवा, म्हणजे काजळी जळून जाते. बंद करताना बटणानंच करा आणि पंखा आपणहून थांबेपर्यंत वाट पाहा. मुख्य स्विच खटकन पाडला तर तापलेला भाग गार होत नाही आणि आतले सुटे भाग खराब होतात. दीड हजार मीटर उंचीच्या वर हवा विरळ होते, डिझेल प्रमाणाबाहेर पडतं आणि काजळी धरते. अशा ठिकाणी उंचीनुसार इंधन कमी करणारी सेटिंग किंवा किट लागतं. आणि डिझेल थंडीतलंच भरा. उन्हाळी डिझेलमधलं मेण थंडीत गोठून गढूळ होतं आणि फिल्टर तुंबतो. उबदार प्रदेशात टाकी फुल करून थेट डोंगरात गेलं की इंजिन आणि हीटर दोन्ही एकदम रुसतात.

*विजेचा हीटर.* बाहेरून विजेचं कनेक्शन असेल तर याच्यासारखं सोयीचं काही नाही. धूर नाही, पाणी नाही, बॅटरीची काळजी नाही. १५०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो, २३० व्होल्टवर साडेसहा. तासन्‌तास एवढा प्रवाह वाहिला तर बारीक एक्स्टेन्शन वायर आणि ढिले प्लग वितळतात. वायर जाड घ्या, गुंडाळीतून पूर्ण सोडवा, आणि अर्ध्या तासानं प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद. हाच हीटर इन्व्हर्टर लावून बॅटरीवर चालवायचा विचार सोडून द्या: १०० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्ट बॅटरीत एकूण १.२ किलोवॅट-तास असतात, म्हणजे पाऊण तासात खेळ खलास. छतावरचे हीट पंपवाले एसी ४-५ अंशांच्या खाली फारसे उपयोगी पडत नाहीत.

बॅटरीवर विजेची ऊब हवीच असेल तर १२ व्होल्टचं इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्या. ५० वॅटच्या हिशोबानं आठ तासांना ३५ अँपिअर-अवरही लागत नाहीत. खोली तापवण्यापेक्षा अंथरूण तापवणं केव्हाही स्वस्त.

*धुराडं नसलेला गॅस हीटर.* सिलिंडरला लावायचा, समोर लाल जाळी तापते तो. वीज लागत नाही आणि सगळी ऊब खोलीतच राहते, म्हणून मोह होतो. पण एक किलो प्रोपेन जळताना १.६ किलो पाणी तयार होतं, आणि ते वाफ होऊन तुमच्याच गाडीत राहतं. शिवाय तो खोलीतला ऑक्सिजन वापरतो. यांच्यातल्या बऱ्याच हीटरांत ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सर असतो. तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखत नाही हे लक्षात ठेवा. जागे असताना, खिडकी उघडी ठेवून, तासभर वापरायला हरकत नाही. झोपताना बंद, यात तडजोड नाही. स्वयंपाकाची शेगडी ऊब आणायला पेटवणं याहून वाईट, कारण तिच्यात तो सेन्सरही नसतो.

लाकडाच्या लहान चुलींबद्दल थोडक्यात: दिसतात छान, पण जागा खातात, राख सांडतात आणि पहाटे चार वाजता विझतात. गाडी एका जागी महिनाभर उभी राहणार असेल तरच विचार करा.

कार्बन मोनॉक्साइड

याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून हवेत थोडा असला तरी पुरतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही पहिली लक्षणं, आणि गाडीतल्या सगळ्यांना ती एकदम जाणवली तर प्रवासाचा शीण समजून झोपू नका. दार उघडा, बाहेर पडा, मग विचार करा.

दोन अलार्म लागतात आणि त्यांच्या जागा वेगळ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अंथरुणाजवळ, उशीच्या उंचीवर. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, म्हणून गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत. दोन्हींच्या पाठीवर मुदत छापलेली असते. मुदत संपलेला अलार्म बटण दाबल्यावर वाजतो, पण त्याचा सेन्सर मेलेला असू शकतो.

बर्फ पडत असेल तर झोपण्यापूर्वी आणि पहाटे उठून हीटरच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. वारा धूर ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूची खिडकी उघडू नका. शेजारी कोणी जनरेटर लावून बसलं असेल तर त्याचा धूर कुठे जातो तेही बघून घ्या, भीड ठेवू नका.

फर्नेस रात्री का बंद पडते

फर्नेस कशी पेटते हे एकदा कान देऊन ऐकलं की निम्मे बिघाड घरबसल्या कळतात.

थर्मोस्टॅटनं ऊब मागितली की आधी पंखा सुरू होतो, गॅस नाही. पंख्याची हवा एका पातळ पत्र्याच्या पाकळीवर आदळते. हवेला जोर असेल तर पाकळी मागे ढकलली जाते आणि तिला जोडलेलं बारीक बटण दाबलं जातं. याला सेल स्विच म्हणतात. हवा खरोखर फिरते आहे अशी खूण या बटणाकडून मिळाल्याशिवाय सर्किट बोर्ड गॅसची झडप उघडत नाही. मग ठिणग्यांची टकटक, झडपेचा ‘टक्’, आणि भप्प करून ज्योत.

आता बॅटरी उतरली की काय होतं ते पाहा. व्होल्टेज साधारण ११च्या खाली गेलं की पंखा फिरतो, पण मंद. पाकळी पूर्ण ढकलली जात नाही. झडप उघडत नाही. पंखा मात्र गार हवा फेकत राहतो आणि उरलीसुरली बॅटरीही संपवतो. माणूस अर्धवट झोपेत म्हणतो, गॅस संपला. अंगावर जाकीट चढवून बाहेर जातो, सिलिंडर हलवून बघतो, तो भरलेला.

आवाजावरून निदान असं करायचं:

- पंखा चालू, टकटक नाही: व्होल्टेज कमी, किंवा पाकळीवर केस-धूळ बसून ती अडकलेली. पंखा चालू असताना फर्नेसच्या वायरींवर मल्टिमीटर लावून बघा.
- टकटक होते, ज्योत नाही: गॅस पोचत नाही. सिलिंडर, रेग्युलेटर, किंवा नळीत अडकलेली हवा. हवा असेल तर शेगडी पेटवून बघा, ती नीट पेटली की नळी साफ.
- ज्योत लागते आणि काही सेकंदांत विझते: ज्योत ओळखणारा इलेक्ट्रोड काजळलेला, किंवा गॅसचा दाब कमी.
- पाच-दहा मिनिटं छान चालते, मग ज्योत विझते, पंखा चालू राहतो, पुन्हा पेटते: फर्नेस तापून स्वतःला वाचवते आहे. हवेच्या एखाद्या तोंडावर बूट, पिशव्या किंवा कुत्र्याचं अंथरूण आहे, नाहीतर हवा आत खेचायची जाळी झाकली आहे.

दोन-तीन प्रयत्नांत ज्योत लागली नाही तर बोर्ड संप पुकारतो. थर्मोस्टॅट बंद करून मिनिटभरानं पुन्हा लावला की तो नव्यानं प्रयत्न करतो. गॅसचा वास येत असेल तर तोही करायचा नाही.

बॅटरीचं गणित. मोठ्या फर्नेसचा पंखा ८ अँपिअरच्या आसपास घेतो. हिवाळ्याच्या १४ तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला तर ५६ अँपिअर-अवर झाले. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी शून्य अंशाला साधारण ८० देते, आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर त्यातली निम्मीच वापरायची. ४० हातात, ५६ची गरज. एक बॅटरी पुरत नाही, हे इथेच दिसलं. दोन घ्या, किंवा दिवसा पूर्ण चार्ज करायची सोय करा. पूर्ण उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे ७ अंशांच्या आसपासच गोठते आणि तिची पेटी फुटू शकते. पूर्ण भरलेली उणे ५०लाही टिकते.

लिथियम बॅटरीचं दुखणं उलट. ती थंडीत वीज देते, पण शून्याच्या खाली चार्ज केली तर कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीत चार्जिंग तोडणारं सर्किट असतं, म्हणजे बिघडत नाही पण भरतही नाही. उपाय साधा: बॅटरी बाहेरच्या कप्प्यात नको, उबदार भागात ठेवा. सोलरवर भिस्त ठेवू नका; हिवाळ्यातला सूर्य खाली असतो, दिवस लहान असतो आणि पॅनेलवर बर्फ बसतो.

गॅस थंडीत

ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला द्रवाचा वायू व्हायचं थांबवतो, प्रोपेन उणे ४२पर्यंत चालतो. म्हणून मिश्र गॅसचा सिलिंडर पहिल्या तासात ठीक जळतो, प्रोपेन आधी उडून जातो, मग ब्युटेन तसाच खाली पडून राहतो आणि ज्योत मिणमिणते. हिवाळ्यात शुद्ध प्रोपेनच भरून घ्या. लहान किंवा तळाशी गेलेला सिलिंडर कडक थंडीत मोठ्या फर्नेसच्या भुकेएवढा वायू सोडू शकत नाही, कारण द्रवाला सिलिंडरच्या भिंतीतून ऊब मिळायला जागा कमी पडते. तेव्हा पाव सिलिंडर उरला की तो शेगडीला लावा आणि भरलेला फर्नेसला द्या. आपोआप दुसऱ्या सिलिंडरवर जाणारा रेग्युलेटर बसवला तर पहाटे तीनला बाहेर जावं लागत नाही.

अंदाज हवा असेल तर: एक किलो प्रोपेनमधून फर्नेसवाटे साधारण साडेनऊ किलोवॅट-तास ऊब खोलीत येते. वरच्या कॅम्परव्हॅनला, १४ तासांच्या रात्रीला, पावणेतीन किलोच्या आसपास. मोठ्या कॅराव्हॅनला याच्या दोन-तीन पट धरा.

सिलिंडरला ज्योतीनं किंवा हॉट एअर गननं ऊब द्यायची नाही. रेग्युलेटरचं बारीक छिद्र खाली तोंड करून आणि झाकून ठेवा, तिथे बर्फ साचला तर दाब बिघडतो.

ओल

झोपलेला माणूस तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघं, आठ तास, म्हणजे अर्ध्या लिटरच्या वर. त्यात स्वयंपाक आणि ओली जाकिटं आलीच. १८ अंशांची निम्मी दमट हवा ७ अंशांच्या आसपासच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सोडते. बाहेर उणे ७ असताना एकेरी काचेची आतली बाजू शून्याच्या जवळ असते. म्हणून सकाळी काचेवर पाणी नाही, बर्फ सापडतो. दुहेरी ॲक्रिलिक खिडकीची आतली बाजू त्याच थंडीत ९ अंशांच्या आसपास राहते आणि कोरडी राहते. खिडक्या बदलायचा खर्च करायचा असेल तर कारण हे.

उपाय मात्र लोकांना उलटा वाटतो: छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि खाली दुसरीकडे एक फट. बाहेरची गार हवा दमट वाटली तरी तिच्यात पाणी फार थोडं मावतं. उणे ७ला घनमीटरमागे तीन ग्रॅमही नाही. तीच हवा आत तापली की कोरडी होते आणि आपल्या श्वासातलं पाणी घेऊन बाहेर जाते. आपल्या हिशोबातला तासाला दोनदा हवाबदल दोघांच्या श्वासाला पुरून उरतो, आणि त्याची किंमत २०० वॅट. सगळं बंद करून वाचवलेले हे २०० वॅट पुढे गादीखालच्या बुरशीच्या रूपानं परत येतात.

गादी थेट प्लायवर टाकली असेल तर खाली फळ्यांची जाळी किंवा हवा खेळेल असं जाड विणलेलं काही घाला, आणि सकाळी गादी उभी करा. कपाटांत कपडे बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. ओलं सामान बाथरूममध्ये टांगा, दार लावा आणि तिथली छताची खिडकी उघडा. कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर गार खोलीत फारसं पाणी ओढत नाही. घ्यायचाच तर डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा, प्रकारचा घ्या.

पाणी आणि पाइप

बऱ्याच मोटरहोममध्ये आणि मोठ्या कॅराव्हॅनमध्ये फर्नेसची एक नळी तळातल्या टाक्यांकडे जाते. फर्नेस चालली की टाक्याही तापतात. आता विजेचं फुकट कनेक्शन मिळालं म्हणून तुम्ही खोलीत विजेचा हीटर लावला. खोली छान झाली, थर्मोस्टॅट समाधानी, फर्नेस रात्रभर एकदाही लागली नाही. सकाळी नळाला पाणी नाही. खोली उबदार ठेवणं आणि गाडी उबदार ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उणे तापमानात विजेचा हीटर जोडीला जरूर लावा, पण फर्नेस अधूनमधून लागेल एवढा मंद ठेवा.

बाकी थोडक्यात. सिंकखालच्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवा. बाहेरच्या नळाला पाइप जोडून ठेवू नका. टाकी भरा, पाइप काढा, निथळा आणि आत घ्या. सांडपाण्याची झडप बंद ठेवा आणि टाकी भरली की एकदम सोडा, थेंबथेंब सोडलं तर नळीतच बर्फाचा बूच तयार होतो. टाक्यांखाली चिकटवायचे हीटिंग पॅड मिळतात, पण तेही बॅटरी खातात. बाहेरची वीज असेल तेव्हाच त्यांचा उपयोग.

थंडी गाडीच्या ताकदीपलीकडची असेल तर पाण्याची यंत्रणा पूर्ण रिकामी करून कॅनमधल्या पाण्यावर राहा. गीझरची टाकी गार झाल्यावर रिकामी करा, तिला वळसा घालणारा बायपास लावा, आणि पाइपांत पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेसाठी बनवलेलं प्रोपिलीन ग्लायकॉल फिरवा. इंजिनाच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते या पाइपांत कधीही नाही.

झोपण्यापूर्वी

थर्मोस्टॅट १२ ते १४ अंशांवर. पूर्ण बंद करून सकाळी एकदम तापवायची सवय गाद्या, भिंती आणि पाइप गार पाडते, आणि त्यांना पुन्हा तापवायला फर्नेस तासभर सलग चालते. बॅटरीचं व्होल्टेज बघा. धुराची नळी बघा. छताची खिडकी बोटभर उघडी आहे ना ते बघा. एक लिटर गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी घ्या. तिच्यात ४० वॅट-तास ऊब असते, अंथरुणासाठी भरपूर. अग्निशामक दाराजवळ हवा, शेगडीमागे नको. टॉर्च उशाशी.

आणि तरीही हीटर बंद पडला तर

आधी कान द्या आणि वरच्या यादीवरून कारण शोधा. कारण बॅटरी असेल आणि गाडीला इंजिनातून घरातली बॅटरी चार्ज करायची सोय असेल, तर बाहेर जाऊन सायलेन्सरभोवतीचा बर्फ पूर्ण काढा, मगच इंजिन सुरू करा. एकानं जागं राहायचं, अलार्म चालू आहे याची खात्री करायची. व्होल्टेज वर आलं की फर्नेस पुन्हा लावा.

दुरुस्त होणारं नसेल तर खोली लहान करा. सगळे एकाच अंथरुणात, पडदा ओढून केबिन आणि बाथरूम वेगळे. टोपी, मोजे, कोरडे कपडे. घामट कपड्यांत झोपू नका. शेगडीवर पाणी गरम करायचं असेल तर खिडकी उघडून करा, पिशव्या भरा, शेगडी बंद करा. आणि हे सगळं करण्याआधी, पंप बंद करून सगळे नळ आणि टाक्यांच्या खालच्या झडपा उघडा. पाणी पुन्हा भरता येतं, तडकलेले पाइप मात्र प्रवासात बदलता येत नाहीत.